मूळ गाण्याशी तुलना करायची ती नेमकी कशाची?

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात झालेल्या एका महाविद्यालयीन सुगम संगीत स्पर्धेत आपल्या वर्गातल्या दोन विद्यार्थिनींनी योगायोगाने एकच गझल निवडली, ‘केव्हातरी पहाटे’. पहिलीने मूळ ध्वनिमुद्रणातील हरकत न् हरकत, म्हणजे सुरांची प्रत्येक छोटी नक्षी, उचलली. दुसरीने लय सैल केली, वाद्यमेळाऐवजी फक्त गिटार घेतली आणि एका शेराची, म्हणजे गझलेतल्या दोन ओळींच्या जोडीची, चाल थोडी वळवली. परीक्षक दोन होते आणि त्यांची मतेही दोन झाली: एकाने पहिलीच्या गाण्याला ‘निव्वळ नक्कल’ म्हटले, तर दुसऱ्याने दुसरीच्या गाण्याला ‘मुळाची मोडतोड’ ठरवले. दोन्ही ध्वनिमुद्रणे मला पाठवून आपण विचारले आहे की, जुन्या गाण्याचे नवे रूप मुळाशी ताडून पाहताना निकष कोणता धरावा आणि गुण कसे विभागावेत.

मी गेली अडतीस वर्षे सोलापुरात संवादिनीची, म्हणजे पेटीची, साथ करतो. सुरुवातीची काही वर्षे ऑर्केस्ट्रात अ‍ॅकॉर्डियन आणि की-बोर्ड वाजवण्यात गेली, पुढे भावगीतांचे आणि नाट्यगीतांचे कार्यक्रम झाले आणि केस पिकल्यापासून लोक परीक्षणालाही बोलावतात. त्यामुळे हे उत्तर संगीतशास्त्राच्या अभ्यासकाचे नाही. गायकाच्या डाव्या हाताला बसून, त्याचा श्वास कुठे संपतो आहे याकडे कान लावून बसणाऱ्या साथीदाराचे हे उत्तर आहे, असे समजून ते वाचावे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. आवाजाची तुलना करूच नये आणि हरकतींची सर्वांत शेवटी करावी. आधी शब्दांचे वजन, श्वासाच्या जागा आणि लय यांची तुलना करावी. मात्र त्याही अगोदर, आपण ‘मूळ’ म्हणतो ते कोणते, हे निश्चित करावे. कारण परीक्षकांच्या खोलीत मी ऐकलेल्या वादांपैकी निम्मे वाद तिथेच सुरू होतात आणि तिथेच संपायला हवे होते असे मागाहून लक्षात येते.

गीतरामायणाचेच पाहा. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून पहिले गीत प्रसारित झाले आणि दर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते पूर्ण व्हायला वर्षाहून थोडा अधिक काळ लागला. शब्द ग. दि. माडगूळकरांचे आणि चाली सुधीर फडक्यांच्या. पण नभोवाणीवर ही सगळी गीते फडक्यांनी गायली नव्हती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, सुरेश हळदणकर, राम फाटक, ललिता फडके अशा अनेक गळ्यांतून ती प्रथम लोकांपर्यंत पोहोचली. पुढे बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, स्वतः सर्व गीते गायली, गावोगाव कार्यक्रम केले, ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि आज आपल्या कानात गीतरामायणाचा जो ‘मूळ’ आवाज आहे तो त्यांचा आहे. आता एखाद्या मुलीने त्यातले एखादे गीत गायले आणि परीक्षकाने ‘मुळात असे नाही’ म्हटले, तर त्याच्या मनातले मूळ म्हणजे १९५५ चे नभोवाणीवरचे गाणे, की संगीतकाराने नंतर स्वतः गायलेले? चाल एकाच माणसाची असूनही दोन्हींत फरक आहे, आणि तो तसा असणे स्वाभाविकच आहे.

हिंदीत याहून मोठा गोंधळ आहे. ‘बाबुल मोरा’ म्हटले की १९३८ च्या ‘स्ट्रीट सिंगर’मधले सैगल आठवतात, परंतु ती अवधचे नवाब वाजिद अली शाह यांची म्हणून ओळखली जाणारी भैरवीतली ठुमरी आहे, आणि सैगलांच्या आधी ती किती बैठकांत गायली गेली असेल याची मोजदाद कुणाकडे नाही. तेव्हा सैगलांचे गाणेही एका अर्थाने नवे रूपच होते. त्यांच्यानंतर भीमसेन जोशींनी ही ठुमरी गायली, जगजीत सिंग आणि चित्रा सिंग यांनी ‘आविष्कार’ चित्रपटासाठी गायली, आणि यांतल्या कुणीही सैगलांची नक्कल केली नाही. उलट ‘आज जाने की जिद न करो’ ही रचना आपल्याला फरीदा खानम यांची वाटते. ती प्रथम गायली हबीब वली मोहम्मद यांनी, १९७३ च्या ‘बादल और बिजली’ या पाकिस्तानी चित्रपटात, सोहेल राणा यांच्या संगीतात. नंतरच्या गायिकेने ते गाणे इतके आपलेसे केले की पहिल्या गायकाचे नाव सांगितल्यावर चांगले जाणकारही क्षणभर थबकतात.

आपल्या गावात तर या प्रश्नाला भाषेचाही पदर आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी पूर्व भागातल्या एका कार्यक्रमात आम्ही ‘कुहू कुहू बोले कोयलिया’ सादर केले. गाणे संपल्यावर एक वयस्कर तेलुगूभाषक विणकर गृहस्थ रंगमंचामागे आले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, “गाणं छान झालं, पण हे आमचं आहे. हिंदीत नंतर गेलंय.” त्यांचे म्हणणे बरोबर होते. १९५७ च्या ‘सुवर्ण सुंदरी’ या तेलुगू चित्रपटात ‘हायि हायिगा आमनि सागे’ हे युगुलगीत घंटसाला आणि जिक्की यांनी गायले होते. त्याच नावाच्या हिंदी चित्रपटात रफी आणि लता यांनी त्याचे हिंदी रूप गायले. संगीतकार दोन्हीकडे एकच, आदिनारायण राव. सोहनी, बहार, जौनपुरी आणि यमन असा चार रागांचा प्रवास असलेले हे गाणे दोन भाषांत शेजारी ठेवून ऐकावे, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. तेलुगूत बहुतेक शब्द स्वरान्त असल्यामुळे आलाप शब्दाच्या शेवटातूनच सहज पुढे निघतो. हिंदीत अनेक शब्द व्यंजनावर थांबतात, त्यामुळे गायकाला आधी शब्द मिटवून मग सूर उघडावा लागतो. चाल तीच आणि संगीतकारही तोच, तरी भाषा बदलताच गळ्याचे काम बदलते. त्या गृहस्थांनी मला त्या दिवशी जे शिकवले, ते कोणत्याही पुस्तकातून मिळाले नसते.

आणि हे केवळ चित्रपटांपुरते नाही. जुनी संगीत नाटकांची पुस्तके उघडून पाहिली तर प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ छापलेली आढळते: हे पद अमक्या लावणीच्या चालीवर, ते पद तमक्या कानडी पदाच्या चालीवर. १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले तेव्हापासून हा प्रघात आहे. आपले नाट्यसंगीत ज्या पायावर उभे राहिले त्या पायातच आधीच्या चाली आहेत, आणि छापील पुस्तकात त्याची कबुली देण्याचा प्रामाणिकपणाही आहे. आज एखादा तरुण गायक आपल्या ध्वनिफितीखाली मूळ संगीतकाराचे नाव लिहायला विसरतो तेव्हा मला ते कंस आठवतात.

‘कट्यार काळजात घुसली’चे उदाहरण याहून बोलके आहे. १९६७ च्या या नाटकात जितेंद्र अभिषेकींनी ‘घेई छंद मकरंद’ या एकाच पदाला दोन चाली दिल्या, कारण नाटकाचा विषयच दोन घराण्यांच्या गायकीतला संघर्ष आहे आणि तेच शब्द दोन गळ्यांतून वेगळे निघाले पाहिजेत, ही कथेची गरज होती. २०१५ साली चित्रपट आला तेव्हा शंकर-एहसान-लॉय यांच्यापुढे ही जुनी पदे होतीच. चित्रपटातल्या गाण्यांवर आमच्या चहाच्या अड्ड्यावर पुष्कळ खडाजंगी झाली, पण वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या ध्यानात ही साधी गोष्ट नव्हती की ज्याला ते मूळ म्हणत होते, त्याच मुळात दोन रूपे शेजारी शेजारी नांदत होती.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की, स्पर्धेच्या अर्जावर गाण्याचे नाव लिहून घेताना कोणते ध्वनिमुद्रण समोर ठेवले आहे, हेही लिहून घ्यावे. त्याने निदान परीक्षक आणि स्पर्धक एकाच गाण्याबद्दल बोलत आहेत, याची खात्री होते.

आता तुलना प्रत्यक्ष कशी करायची ते सांगतो.

पहिली पायरी अगदीच रूक्ष आहे आणि म्हणूनच सगळे ती गाळतात: जे मूळ आपण ऐकतो आहोत ते बरोबर वेगाने वाजते आहे का, हे तपासणे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावत असे, आणि तबकडीवरून फितीवर, फितीवरून कॅसेटवर, कॅसेटवरून संगणकावर असा प्रवास करताना कुठेतरी वेग बदललेला असतो. वेग साधारण सहा टक्क्यांनी वाढला की गाणे अर्धा स्वर, म्हणजे संवादिनीची एक पट्टी, वर जाते, म्हणजे काळी एकचे गाणे पांढरी दोनला ऐकू येते आणि तीन मिनिटे वीस सेकंदांचे गाणे अकरा सेकंदांनी आखडते. मुलांना वाटते की जुन्या गायकांचे आवाज फार पातळ आणि लय फार चढी होती. ती करामत पुष्कळदा यंत्राची असते. गाण्याचा षड्ज, म्हणजे ‘सा’, संवादिनीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध लागत असेल, तर मी त्या प्रतीवर विश्वास ठेवत नाही आणि दुसरी प्रत शोधतो.

दुसरी पायरी श्वासाची. कागदावर गाण्याचे शब्द लिहून घ्यावेत आणि मूळ गायकाने जिथे जिथे श्वास घेतला आहे तिथे पेन्सिलीने खूण करावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण एका गाण्यावर अर्धा तास घालवला की त्या गायकाची अर्धी विद्या कागदावर उतरते. नामांकित गायक अर्थाच्या मध्ये श्वास घेत नाही. घ्यावाच लागला तर तो लपवतो किंवा त्या श्वासालाच उसाशाचे रूप देतो. नंतर नव्या गायकाच्या खुणा दुसऱ्या रंगाने कराव्यात. जिथे दोन्ही रंग वेगळे पडतात तिथे थांबून एकच प्रश्न विचारावा: नव्या जागी श्वास घेतल्याने वाक्य तुटले, की वाक्याला नवा अर्थ आला? पहिले असेल तर तो दोष आहे, दुसरे असेल तर ती प्रतिभा आहे. या दोन्हींतला भेद हरकती मोजून कधीच कळत नाही.

शब्दांच्या वजनाबद्दल जरा जास्त बोलायला हवे. मराठी भावगीत हे मुळात शब्दांचे गाणे आहे. गायकाने एका ओळीतल्या कोणत्या शब्दावर भार दिला आणि कोणता शब्द जाता जाता उच्चारला, यावर ओळीचा भाव ठरतो. एखादी हरकत मूळ गायिकेने विशिष्ट शब्दावर घेतलेली असते, कारण त्या शब्दाला तिथे हलवायचे असते. नक्कल करणारी मुलगी ती हरकत जशीच्या तशी घेते, पण भार शेजारच्या शब्दावर टाकते आणि मग सगळे सूर बरोबर असूनही ओळ निर्जीव पडते. अशा वेळी परीक्षक म्हणतात, “सूर-ताल उत्तम, पण भाव नाही.” भाव नाही म्हणजे काय नाही, हे मात्र सांगत नाहीत. माझ्या मते दहापैकी आठ वेळा वजन चुकीच्या शब्दावर पडलेले असते, आणि हे दाखवून देता येते, शिकवताही येते.

हरकतींना मी शेवटी ठेवतो यामागे माझ्या वाद्याचा अनुभव आहे. संवादिनीला मींड, म्हणजे स्वरावरून स्वरावर अखंड घसरत जाणे, जमत नाही. लतादीदींच्या गळ्यातून एका स्वरावरून दुसऱ्यावर जे ओघळते, ते मला पट्ट्यांवर तोडूनच वाजवावे लागते. तरीही श्रोत्यांना गाणे ओळखू येते, एवढेच नाही, तर आवडतेही. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत लेझीमच्या ताफ्यापुढे बँजो पार्टी असते. त्या वाद्यालाही कळा आहेत, त्यावरही मींड जवळजवळ अशक्य. शंभर ढोलांच्या गदारोळात, कर्ण्यातून फाटत येणाऱ्या त्या आवाजात एखादे साठ वर्षांपूर्वीचे गाणे वाजते आणि रस्त्याकडेची आजी मान डोलवते. तेव्हा माझ्या लक्षात आले की चालीचा सांगाडा आणि चालीवरचे कोरीवकाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँजोवर जे उरते ते संगीतकाराचे, आणि बँजोवर जे गळून पडते ते बव्हंशी गायकाचे. नव्या गायकाने पहिले जपावे आणि दुसरे आपल्या गळ्याचे आणावे, एवढा साधा विभाग मनात ठेवला तरी तुलना पुष्कळ सोपी होते.

अर्थात काही गाणी अशी आहेत की ज्यांत कोरीवकामच सांगाडा होऊन बसले आहे. बालगंधर्वांची पदे घ्या. ‘स्वयंवर’ नाटकातल्या पदांना चाली दिल्या भास्करबुवा बखल्यांनी, १९१६ साली. परंतु बालगंधर्वांच्या लडिवाळ गळ्याशिवाय त्या पदांची कल्पना करणे आजही अवघड जाते. पुढच्या पिढीतले कितीतरी गायक त्या गळ्याची नक्कल करता करता संपून गेले. आणि मग कुमार गंधर्वांनी तीच पदे घेऊन कार्यक्रम केला तेव्हा त्याचे नाव ठेवले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. या नावातला ‘मला’ आणि ‘उमजलेले’ हे दोन शब्द म्हणजे आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. त्यांनी बालगंधर्वांचा आवाज काढला नाही, लकबी काढल्या नाहीत. पदाच्या मुळाशी असलेला स्वरविचार त्यांना जसा दिसला तसा मांडला. तो सर्वांनाच मानवला असे नाही. माझ्या वडिलांना तो अजिबात मानवला नव्हता आणि ते शेवटपर्यंत म्हणत, “हे कुमारांचं गाणं झालं, नारायणरावांचं (म्हणजे बालगंधर्वांचं) नव्हे.” मला वाटते, त्यांनी तक्रार म्हणून काढलेले ते वाक्यच त्या कार्यक्रमाचे सर्वांत अचूक वर्णन होते.

लता मंगेशकरांनी १९९२ मध्ये ‘श्रद्धांजली’ या नावाने सैगल, पंकज मलिक, रफी, मुकेश, किशोरकुमार, हेमंतकुमार, गीता दत्त अशा दिवंगत गायकांची गाणी गायली. ती ऐकताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते, की पुरुषाचे गाणे स्त्रीच्या गळ्यात आले आहे, पट्टी बदलली आहे, आवाजाची जात बदलली आहे, तरी शब्दांमागचा आदर आणि चालीची रेषा जागच्या जागी आहे. साम्य शोधायचे तर अशा ठिकाणी शोधावे.

याच्या दुसऱ्या टोकाला १९८० नंतरच्या स्वस्त कॅसेटींचा काळ आहे, आणि त्याबद्दल आमच्या पिढीच्या मनात थोडी अढी असली तरी सोलापूरकराने तरी त्याची टिंगल करू नये. ‘टी-सिरीज’सारख्या कंपन्यांनी रफी, मुकेश, किशोर यांची गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेऊन ‘यादें’ अशा नावांनी बाजारात आणली. सोनू निगमसारख्या गायकाची सुरुवातीची ओळख अशाच कॅसेटींतून झाली. यंत्रमागाच्या कारखान्यात पाळीभर टेपरेकॉर्डर चालू असे. मागांच्या खडखडाटात मंद्रातले काही ऐकू येत नाही. वरच्या सप्तकातला आवाज आणि ठळक ठेका एवढेच कानापर्यंत पोहोचते, आणि या कॅसेटींत नेमके तेच दोन पुढे काढलेले असत. कितीतरी कामगारांनी रफीसाहेबांची गाणी पहिल्यांदा ऐकली ती रफीसाहेबांच्या आवाजात नव्हेच. आमच्या ऑर्केस्ट्रातला एक ढोलकीवाला कित्येक वर्षे एका गाण्याचा ठेका ‘चुकीचा’ वाजवी. शेवटी उलगडा झाला की तो कॅसेटीवरचा ठेका वाजवत होता आणि त्याच्यापुरते तेच मूळ होते. त्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटली नाही, पण कार्यक्रमात ठेका मात्र मूळ ध्वनिमुद्रणाचाच ठेवायला लावला.

२००२ च्या सुमारास आलेली रिमिक्सची लाट हा वेगळा प्रकार होता. १९७२ च्या ‘समाधी’तील ‘काँटा लगा’चे जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. तिथे गाणे हे निमित्त होते, लक्ष ठेक्यावर आणि पडद्यावर होते. अशा गोष्टीची मुळाशी तुलना करण्यात मी वेळ घालवत नाही.

कायद्याचाही या प्रश्नाशी संबंध आहे, म्हणून दोन ओळी. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यातल्या कलम ३१सी प्रमाणे, गाण्याचे पहिले ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षे झाल्याखेरीज त्याचे कव्हर, म्हणजे दुसऱ्या गायकाकडून नव्याने केलेले, ध्वनिमुद्रण काढता येत नाही. दर वर्षी प्रत्येक रचनेच्या किमान पन्नास हजार प्रतींचे मानधन भरावे लागते. आवरणावर हे कव्हर आहे असे स्पष्ट लिहावे लागते आणि आधीच्या गायकाचे नाव किंवा छायाचित्र वापरता येत नाही. त्यातली सर्वांत महत्त्वाची अट अशी, की तांत्रिक दृष्टीने आवश्यक असेल तेवढे सोडून शब्दांत किंवा चालीत हक्कधारकाच्या संमतीशिवाय बदल करता येत नाही. म्हणजे या कलमाखाली ध्वनिमुद्रण काढायचे झाल्यास आपल्या दुसऱ्या विद्यार्थिनीला चाल वळवण्याआधी परवानगी लागेल. वर्गातल्या आणि स्पर्धेतल्या कलाविचाराला मात्र ही अट लावू नये. तो प्रश्न वेगळा आहे.

आता कराओकेविषयी, कारण तुमच्या पहिल्या विद्यार्थिनीने ट्रॅकवर, म्हणजे आधीच मुद्रित केलेल्या वाद्यमेळावर, गायले आहे. जुन्या गाण्यांतले मधले वाद्यांचे तुकडे ही भरताड नव्हे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत सेबास्टियन डिसोझांसारख्या संयोजकांनी व्हायोलिनच्या ताफ्यासाठी लिहिलेले तुकडे काढून टाकले तर गाण्याचा निम्मा जीव जातो. त्यामुळे ट्रॅकवर गाणे हे नुसत्या पेटी-तबल्यावर गाण्यापेक्षा मुळाच्या अधिक जवळ आहे, असे वाटणे साहजिक आहे. पण ट्रॅक वाट पाहत नाही. मूळ ध्वनिमुद्रणात वादक गायिकेचा श्वास ऐकत वाजवत होते. ट्रॅकवर गायिका यंत्राची लय ऐकत गाते. शिवाय पट्टीचा प्रश्न येतो. साधारणपणे पुरुष काळी एक-पांढरी दोनच्या आसपास गातात, स्त्रिया काळी चार-पाचच्या आसपास. स्त्रीचे गाणे पुरुषाने गायचे म्हणून ट्रॅक सहा-सात पट्ट्या खाली ओढला की बासरी घोगरी होते आणि तबल्याची चाट मडक्यासारखी वाजते. हुतात्मा स्मृती मंदिरातल्या एका कार्यक्रमात आयोजकांनी ऐन वेळी चुकीच्या पट्टीचा ट्रॅक लावला. गायक बिचारा अर्धे कडवे वरच्या षड्जाशी झुंजत राहिला, आणि शेवटी मीच हाताने खूण करून ट्रॅक बंद करायला लावला व उरलेले गाणे पेटीवर पूर्ण केले. मध्यंतरात दोघातिघांनी येऊन सांगितले की उत्तरार्ध जास्त ‘ओरिजिनल’ वाटला. उत्तरार्धात मुळातले एकही वाद्य नव्हते!

गुणांची विभागणी विचारली आहे म्हणून माझी सांगतो. ती कुठल्या संस्थेची नाही, माझ्या वहीतली आहे. शंभरांपैकी शब्दांचे वजन आणि उच्चार यांना तीस, सुरेलपणाला तीस, लयीला आणि श्वासाला मिळून वीस, आणि उरलेले वीस ‘उमज’ या सदरात. आवाजाच्या साम्याला शून्य. मूळ चालीत बदल केला म्हणून मी गुण कापत नाही आणि बदल केला म्हणून वाढवतही नाही. त्या बदलाने शब्दाला काय मिळाले, एवढेच पाहतो. काही मित्रांना हे फार सैल वाटते. त्यांच्या मते सुगम संगीताच्या स्पर्धेत मूळ चालीशी इमान हाच पहिला निकष हवा, नाहीतर मुले तयारी न करता ‘माझी शैली’ म्हणून सुटतील. या भीतीत तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. त्यावर माझा उपाय असा की, ज्याला बदल करायचा आहे त्याने मागितल्यास मूळ चाल तिथल्या तिथे गाऊन दाखवावी. ज्याला ती येते त्याचा बदल विचारपूर्वक असतो, ज्याला येत नाही त्याची शैली लगेच उघडी पडते.

आता आपल्या दोन विद्यार्थिनी. ‘केव्हातरी पहाटे’ ही सुरेश भटांची गझल, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, गायल्या आहेत आशा भोसले. गझल म्हटली की रदीफ आणि काफिया आले. इथे ‘रात गेली’ ही रदीफ प्रत्येक शेरात परत येते आणि तिच्या आधीचा काफिया, म्हणजे यमक साधणारा शब्द, दर वेळी बदलतो. ऐकणाऱ्याला ‘रात गेली’ येणार हे पहिल्या शेरानंतर ठाऊकच असते. ती कशी गेली, हे सांगणारा काफिया तेवढा ठाऊक नसतो. म्हणून या गझलेचा सगळा ताण काफियाच्या आधीच्या अर्ध्या मात्रेत आहे.

पहिल्या मुलीचा गळा तयार आहे, सूर नेमके आहेत आणि हरकतींचा अभ्यास खरोखर कौतुकास्पद आहे. त्याला नक्कल म्हणून झटकून टाकणाऱ्या परीक्षकांनी तिच्या मेहनतीवर अन्याय केला असे मी म्हणेन. पण ती काफिया आणि रदीफ एका दमात, एकाच वजनाने म्हणून टाकते, त्यामुळे प्रत्येक शेरात रात्र सारखीच जाते. दोन ठिकाणी तिने अर्थाच्या मध्ये श्वास घेतला आहे. तो ट्रॅकच्या घाईमुळे घेतला गेला, हे स्पष्ट ऐकू येते. माझ्या हिशेबाने तिला शब्दांत अठरा, सुरेलपणात सत्तावीस, लय-श्वासात तेरा आणि उमज या सदरात आठ, असे सहासष्ट गुण होतात.

दुसरीचा सूर दोनदा उतरला आहे आणि गिटार आणखी बारीक जुळवायला हवी होती. लय सैल केल्याने सुरुवातीचा शेर लोंबकळतो. मात्र ती काफियापाशी किंचित थांबते, आणि शेवटच्या शेरात ‘रात गेली’ जवळजवळ बोलल्यासारखे म्हणते. तिथे मी ध्वनिमुद्रण थांबवून पुन्हा लावले. वळवलेल्या चालीबद्दल मात्र माझी तक्रार आहे: ज्या शेरात तिने चाल वर नेली आहे, तिथे शब्द वर जायला सांगत नाहीत. वर गेल्यावर टाळी मिळते हे तिला कुणीतरी शिकवलेले दिसते. तिला शब्दांत पंचवीस, सुरेलपणात एकवीस, लय-श्वासात पंधरा आणि उमज या सदरात तेरा, असे चौऱ्याहत्तर.

पहिलीला एक महिना ट्रॅक देऊ नका. तिच्याकडून ती गझल आधी नुसती मोठ्याने वाचून घ्या, मग फक्त तंबोऱ्यावर गाऊन घ्या. दुसरीला मूळ चाल स्वरलिपीसह लिहायला लावा आणि ती जशीच्या तशी तीनदा गायला लावा. चौथ्या वेळी चाल कुठे वळवायची ते तिचे तिलाच सुचेल, आणि ते आधीच्या जागेपेक्षा वेगळ्या ठिकाणी असेल असा माझा अंदाज आहे. त्यानंतरची दोन्ही ध्वनिमुद्रणे पाठवली तर मी आनंदाने ऐकेन. पाठवताना गिटारच्या तारा मात्र आधी जुळवून घ्याव्यात.